रायझन ५६००: सिनेबेंच पास होतं, पण पीसी रिकामा बसला की रिस्टार्ट

खाडीकाठ, ऐरोली
नमस्कार मंडळी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, चार हीटपाइपचा सिंगल टॉवर कूलर, ८ जीबीच्या दोन रॅम एक्सएमपीवर (रॅमचं तयार वेगवान प्रोफाइल) ३२००, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). बायोस ताजा आहे. पीबीओ ॲडव्हान्स्डमध्ये (एएमडीचं आपोआप ओव्हरक्लॉक) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज कापायचं सेटिंग, ऑल कोअर निगेटिव्ह ३० ठेवलंय, बूस्ट ओव्हरराइड (कमाल क्लॉकमध्ये वाढ) +२०० मेगाहर्ट्झ.
सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) अर्धा तास चाललं, तापमान ७८, गेमही व्यवस्थित. पण ब्राउझर उघडा ठेवून नुसती गाणी लावली, किंवा काहीच करत नसलो, की दिवसातून एखाद-दोन वेळा स्क्रीन काळी आणि थेट रिस्टार्ट. ब्लू स्क्रीन येत नाही.
व्होल्टेज वाढवू का? की हे सगळं सोडून १.४ व्होल्टला ४.७ गिगाहर्ट्झ फिक्स करू? व्हिडिओत बरेच जण तेच सांगतात. एसी नाही, हॉल पश्चिमेला, मे महिन्यात दुपारी खोलीत ३५-३६ होतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवरही संशय आहे.

अर्धाव्होल्ट, ठाणे पश्चिम
यूपीएसला दोष देण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम. रिस्टार्टच्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ दिसेलच, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद झालं नाही. कारण त्यात कळत नाही. सोबत व्हीआ-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) आहे का ते बघा. असेल तर चूक प्रोसेसरने स्वतः नोंदवली आहे आणि यूपीएस सुटला. नुसतं ४१ असेल तरच एसएमपीएस, वायर, यूपीएस यांच्याकडे वळायचं.

माझा अंदाज १८ निघेल. उणे ३० म्हणजे ओव्हरक्लॉक कमी आणि अंडरव्होल्ट जास्त. एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट तुम्ही कापलेत. सिनेबेंचमध्ये सहाही कोअर भरलेले असतात, पॉवर लिमिट आडवी येते, त्यामुळे क्लॉक शिखरापर्यंत जातच नाही आणि कापलेलं व्होल्टेज तिथे पुरून उरतं. ब्राउझरमध्ये एकच कोअर क्षणभर जागा होतो, थेट ४६०० मेगाहर्ट्झच्या पुढे उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. वर +२०० देऊन ते शिखर तुम्हीच उंच केलंय. म्हणून रिकामा असताना मरतो, कामात असताना नाही. सिनेबेंच हा थंडाव्याचा आणि स्कोअरचा दाखला आहे, स्थिरतेचा नाही.

आता करायचं ते असं. ओव्हरराइड ० करा. ऑल कोअर सोडून पर कोअर घ्या. रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या दोन कोअरवर खूण असते, ते चांगले कोअर. त्यांना फॅक्टरीतूनच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, म्हणून कापायला जागा कमी. त्यांना उणे १०, बाकी चौघांना उणे २०. मग कोअरसायक्लर (एकेक कोअर पाळीपाळीने तपासणारं साधन), त्यात ही सेटिंग: प्राइम९५ चाचणी, एसएसई मोड, ह्यूज एफएफटी. एसएसई अशासाठी की हलक्या सूचनांवर क्लॉक सर्वात वर जातं. दर कोअरला अर्धा तास म्हणजे एका फेरीला तीन तास. जो कोअर पडेल त्याला ५ ने शून्याकडे आणा आणि पुन्हा फेरी. जो टिकेल त्याला २-३ ने खाली न्या. शेवटची फेरी रात्रभर. हे कंटाळवाणं काम आहे, पण याला शॉर्टकट नाही.

ओव्हरराइड शेवटी, ५० च्या पायरीने, आणि प्रत्येक पायरीनंतर एक फेरी. पूर्ण २०० पचलंच पाहिजे असा हट्ट नको. १०० आणि २०० मधला फरक गेममध्ये डोळ्याला दिसत नाही.

तापलेला_हीटसिंक, कोपरखैरणे
वरचं सगळं मान्य. १.४ व्होल्ट फिक्सबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: करू नका. लोक म्हणतात, स्टॉकमध्येही १.४ दिसतं की! दिसतं, पण एका कोअरवर, क्षणभर, थोड्या करंटला. फिक्स केलंत की तेच व्होल्टेज सहाही कोअर पूर्ण भारात असताना राहतं. जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि जास्त उष्णता एकत्र आली की चिप हळूहळू झिजते. आज स्थिर असलेलं सेटिंग काही महिन्यांनी जास्त व्होल्टेज मागायला लागतं. रेंडरिंगसाठी फिक्स करायचंच असेल तर भारात १.२५ च्या आसपास राहा आणि त्यात जेवढं क्लॉक मिळेल तेवढं घ्या. लोड लाइन (भारात व्होल्टेज घसरू न देणारं सेटिंग) मधल्या पायरीवर. सर्वात कडक पायरी ठेवली तर भार सुटताना व्होल्टेज उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही.

पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चं १.४ केलंत तर त्याच क्लॉकला सुमारे २५ टक्के जास्त उष्णता. ५६०० ची स्टॉक लिमिट पीपीटी (एकूण पॉवर) ७६ वॅट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपियर, ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपियर. तुमच्या कूलरवर पीपीटी ९५ पर्यंत न्यायला हरकत नाही.

आता खोलीचं. हवा जेवढी तापेल तेवढाच प्रोसेसर तापतो, जवळजवळ अंशाला अंश. तुमचे ७८ जानेवारीच्या रात्रीचे असतील, खोली २४ ला असताना, तर मे महिन्यात ३६ ला तेच ९०, आणि ५६०० ची कमाल मर्यादाही ९० च आहे. म्हणून टेस्ट दुपारी तीनला करा, पंखा नेहमीसारखा ठेवून. पीबीओमध्ये थर्मल लिमिट ८५ टाकून ठेवा, म्हणजे चुकलं तरी तो आपणहून मागे येईल. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ फिल्टरवर लवकर बसते, महिन्यातून एकदा ब्रश मारा.

खाडीकाठ, ऐरोली
आभार! १८ च निघाला. सहा नोंदी, सगळ्या कॅश हायरार्की एरर. प्रोसेसर एपिक आयडी चार वेळा ४, दोन वेळा ५. उणे ३० ला स्कोअरही खास वाढला नव्हता. आणि रॅम ३६०० ला नेऊ का?

अर्धाव्होल्ट, ठाणे पश्चिम
एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून ४ आणि ५ दोन्ही कोअर २ चेच. मोजणी शून्यापासून, बायोसमध्येही. कोअर २ उणे ५ वर आणा, बाकीचे आधी सांगितल्याप्रमाणे. कोअरसायक्लरमध्येही तोच पडतोय ना, हे तेवढं पडताळा.

स्कोअर का वाढला नाही त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता कोअर क्लॉक बघू नका, इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष कामाचा वेग) बघा. पूर्ण भारात पहिला ४५०० आणि दुसरा ४३५० दाखवत असेल तर तो क्लॉक स्ट्रेचिंग. व्होल्टेज पुरत नाही म्हणून चिप न पडता ठोके लांबवते. आकडा छान दिसतो, काम कमी होतं.

रॅमला आत्ता हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर रिस्टार्ट कोणामुळे हे कधीच कळणार नाही. आधी कर्व्ह पक्का, बायोसचं प्रोफाइल सेव्ह, मगच ३६०० आणि एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००. त्यानंतर विंडोज सुरू करण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या. रॅम चुकली तर नुसता रिस्टार्ट होत नाही, फायली खराब होतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा. ३६०० ला बूटच झालं नाही तर एसएमपीएसचं बटण बंद करून सीएमओएसचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर काही सेकंद जोडा, किंवा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

तापलेला_हीटसिंक, कोपरखैरणे
थर्मल पेस्ट बदलायला कूलर काढणार असाल तर एक इशारा. एएम४ ला (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात, आणि थंड, वाळलेल्या पेस्टने कूलरसकट प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. सरळ वर ओढू नका. नवी पेस्ट मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी पुरे.