मदत हवी आहे : मदरशाचा अभ्यासक्रम नव्याने आखताना

नमस्कार. मिरजेतील आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशाचा अभ्यासक्रम नव्याने आखण्याचे काम मशिदीच्या समितीने माझ्यावर सोपवले आहे. मुले सकाळी दीड तास कुराणपठण व दीनियात (धर्माचे प्राथमिक शिक्षण) शिकतात आणि मग शाळेला पळतात.

नव्या अभ्यासक्रमात गणित-विज्ञानही घ्यावे असे मला वाटते; काही वडीलधाऱ्यांना मात्र ते मदरशाला परके वाटते. परंतु अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महाल या विद्यापीठातील मुल्ला निजामुद्दीन यांनी रूढ केलेल्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान व गणिताचा समावेश होता, आणि १८९०च्या दशकातील नदवतुल उलमा या उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) संस्थेची चळवळही जुन्या-नव्या विद्येचा मेळ घालण्यासाठीच उभी राहिली. त्यामुळे हा आक्षेप मला पटत नाही. खरी अडचण वेळेची आणि भाषेची आहे. घरी दख्खनी, शाळेत मराठी आणि पुस्तके मात्र जड उर्दूत! (आमच्या मौलानांनाही ती समजावताना मराठीचाच आधार घ्यावा लागतो.)

जकातीच्या (बचतीतून द्यायच्या धार्मिक दानाच्या) अडीच टक्क्यांवरून शेकडेवारी, वारसाहक्काच्या वाटण्यांवरून अपूर्णांक आणि चांद्र महिन्यांवरून खगोलशास्त्र शिकवावे, असा माझा विचार आहे. असे पाठ मराठीतून कोणी तयार केले आहेत का? मोबाईलवर येणाऱ्या धार्मिक मजकुराची पारख किशोरवयीन मुलामुलींना कशी शिकवावी, याविषयी सांगली-साताऱ्यातील शिक्षकांनी आपला अनुभव कळवावा, ही विनंती.