मदत हवी आहे: एकाच लॅपटॉपची कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) चार ठिकाणी चार, खरी कोणती? (इंदूर)

स्नेहलतागंज:
जेल रोडवरून घेतलेला वापरलेला लॅपटॉप. पावतीवर ‘रायझन ५ ५५००यू, ११ एमबी कॅश’. त्यावर उबंटू २२.०४ (लिनक्स) आहे. टर्मिनलवर मिळालेले आकडे:

/प्रॉक/सीपीयूइन्फो: कॅश साइझ ५१२ केबी
/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/कॅश/इंडेक्स३/साइझ: ४०९६ के
एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा): एल३ समोर ८ एमआयबी

११ कुठेच नाही. दुकानदाराचं उत्तर, “भिया, सब एक ही है.” परत करायची मुदत शनिवारी संपते. प्रोसेसर दुसराच निघाला असेल का? (आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच लहान रोमन अक्षरं.)

टर्मिनलवाली:
दुकानदार चुकून का होईना, खरं बोलला. चारही आकडे याच प्रोसेसरचे आहेत, मोजायची जागा तेवढी वेगळी.

कॅशच्या पातळ्या तीन: एल१, एल२, एल३; आकडा वाढेल तशी मोठी पण हळू. एएमडीच्या या ५५००यू मध्ये ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका कोअरवर दोन).​ प्रत्येक कोअरला स्वतःची ५१२ केबी एल२, म्हणजे एकूण ३ एमबी. एल३ मात्र सलग ८ एमबी नाही. तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाला ४ एमबी. पावतीवरचे ११ म्हणजे ३ अधिक ८. लॅपटॉप कंपन्या अशी बेरीज सर्रास छापतात.

सीपीयूइन्फोतली ‘कॅश साइझ’ ही ओळ सगळ्यात फसवी. एएमडीवर तिथे एका कोअरची एल२ येते, इंटेलवर एल३. त्यामुळे शेजारच्या जुन्या आय५ वर ६१४४ केबी आणि तुमच्याकडे ५१२ बघून माणूस घाबरणारच. कॅशसाठी ती ओळ बघूच नका.

इंडेक्स३, म्हणजे एल३, सांगतो तो सीपीयू० ज्या गटात आहे त्या गटापुरता. त्याच फोल्डरमधली ‘शेअर्ड_सीपीयू_लिस्ट’ उघडा, १२ पैकी ६ च थ्रेड दिसतील. बाकीचे ६ दुसऱ्या ४ एमबीवर. इंडेक्स० म्हणजे एल१ डेटा, इंडेक्स१ एल१ इन्स्ट्रक्शन, दोन्ही ३२ के यायला हवेत.

सगळं एका नजरेत हवं असेल तर एलएससीपीयू, जागा सोडून डॅश आणि *मोठा* सी. ‘वन-साइझ’ रकान्यात एका कॅशचा आकार, ‘ऑल-साइझ’ मध्ये बेरीज. लहान सी दिलात तर तो ऑफलाइन सीपीयूंचा पर्याय समजून तक्रार करेल.

रामबाग_३:
वर लिहिलंय ते बरोबर, पण एक गोष्ट राहिली. एलएससीपीयू बेरीज दाखवतं हे नव्या आवृत्त्यांपुरतं. उबंटू १८.०४ वर हीच आज्ञा एल२ ५१२ के आणि एल३ ४०९६ के दाखवेल. फोरमच्या जुन्या चर्चांमधले स्क्रीनशॉट जुळवत बसलात तर डोकं फिरेल.

आता चिप दुसरी आहे का, या मूळ शंकेबद्दल. नुसतं ‘मॉडेल नेम’ वाचून थांबू नका. एएमडीत ते नाव बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) भरतं. एलएससीपीयूच्याच उत्तरात ‘सीपीयू फॅमिली’ आणि ‘मॉडेल’ बघा. ५५००यू असेल तर २३ आणि १०४. २५ आणि ८० आलं तर तो ५६००यू च्या घराण्यातला. नावात शंभराचाच फरक, पण ५५००यू झेन २ या जुन्या रचनेवर आहे आणि ५६००यू झेन ३ वर, ज्यात एल३ सलग १६ एमबी. एएमडीने ही नावं ठेवताना गिऱ्हाइकाचा विचार केला असेल असं वाटत नाही.

शिवाय ही चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. फसवाफसवी झालीच तर बहुतेकदा रॅम आणि एसएसडीत होते.

स्नेहलतागंज:
फॅमिली २३, मॉडेल १०४, एल३ समोर कंसात २ इन्स्टन्सेस, म्हणजे दोन तुकडे. शेअर्ड यादीत ६ च थ्रेड. म्हणजे चिप ५५००यूच. विंडोजवर हेच बघायचं तर? भावाच्या मशीनवर डब्ल्यूएमआयसी (हीच माहिती देणारी विंडोजची जुनी आज्ञा) दिली तर ‘ओळखीची आज्ञा नाही’ म्हणतंय.

टर्मिनलवाली:
विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_प्रोसेसर’, मग उभी रेघ, मग ‘सिलेक्ट नेम, एल२कॅशसाइझ, एल३कॅशसाइझ’. उत्तर केबीत येतं, तुमच्या चिपवर ३०७२ आणि ८१९२. एल१ तिथे मिळत नाही, त्यासाठी टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब. तिथे ३८४ केबी दिसेल, सहा कोअरची डेटा आणि इन्स्ट्रक्शन मिळून.

व्हर्च्युअल मशीनच्या आत मात्र यातलं काही तपासू नका. तिथे होस्ट, म्हणजे खरं मशीन, दाखवेल तेवढंच दिसतं.

रामबाग_३:
शनिवारच्या आत ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ पण चालवा, कोणत्या स्लॉटमध्ये किती रॅम आहे ते कळेल. ५५००यू ला दोन रॅम चॅनेल (रॅमकडे जाणारे रस्ते) आहेत. एकाच स्लॉटमध्ये ८ जीबी असेल तर ग्राफिक्सला रॅमचा निम्माच रस्ता मिळतोय, आणि त्याचा फटका या कॅशच्या आकड्यांपेक्षा जास्त बसतो.