मदत हवी आहे: बहिणीला आठव्या आठवड्यात प्रचंड मळमळ, हे नक्की कशामुळे होतं?

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा आठवडा चालू आहे. सोनोग्राफी झाली, ठोके छान आहेत, एकच बाळ आहे. पण मळमळ इतकी की विचारू नका. सकाळी असतेच, संध्याकाळी परत सुरू. कुकरमधून वरणाचा वास सुटला की नाकाला ओढणी लावून गॅलरीत जाऊन बसते आणि लसणाची फोडणी पडली की सरळ बेसिनकडे पळते, पोटात काही नसलं तरी कोरडे उमासे येत राहतात. चहाशिवाय जिचं पान हलायचं नाही तिला आता चहा नकोसा झालाय.

तिच्या सासूबाई म्हणतात कडक डोहाळे आहेत, मुलगी होणार. ते एकवेळ सोडून देऊ, पण जवळच्याच एकजणी म्हणाल्या की हे सगळं मनाचं आहे, लक्ष दुसरीकडे लाव. त्यावर ती खूप रडली. मला हेच विचारायचंय की हे खरंच मनाचं असतं का, शरीरात नक्की काय होतं, आणि ती जेवतच नाहीये तर बाळाला काही कमी पडेल का? किती झालं की घाबरायचं? प्लीज कोणी नीट सांगा.

प्रतिसाद १
ताई, मनाचं अजिबात नाही, हे आधी बहिणीला सांगा. पूर्वी सगळा दोष एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनवर जायचा, कारण ते साधारण ९-१० आठवड्यांना सगळ्यात जास्त असतं आणि मळमळही तेव्हाच जोरात असते. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली, अमेरिकेतल्या मार्लेना फेझो वगैरेंचं संशोधन आलं, त्यात जीडीएफ१५ नावाचं प्रोटीन मुख्य कारण म्हणून पुढे आलं. गरोदरपणात ते बाळ आणि वारेकडून आईच्या रक्तात भरपूर येतं आणि मेंदूच्या मागच्या भागात जाऊन मळमळ चालू करतं. ज्या बाईच्या अंगात आधीपासून ते कमी असतं तिला ही अचानक वाढ जास्त झेपत नाही. उलट बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ज्यांच्यात ते आधीच खूप असतं त्यांना त्रास कमी झालेला दिसला. म्हणजे दोघी बहिणींमध्येसुद्धा एकीला काहीच नाही आणि दुसरीला लोळवतं, असं होऊ शकतं. त्यात हिंमत कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही.

बाळाची एवढ्यात काळजी नको, आत्ता त्याची गरज फार थोडी असते. काळजी आईची करायची. पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उभं राहिलं की चक्कर येते, वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरतं (५० किलोची असेल तर अडीच किलो), यातलं काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रतिसाद २
वरच्यांना अनुमोदन. मला उठायच्या आधी अंथरुणातच कोरडे चुरमुरे खाल्ले की बरं वाटायचं, मग साळीच्या लाह्यांचं पाणी घोट घोट. पोट रिकामं ठेवायचं नाही, जेवण गरम नको, गार झालेलं चालतं कारण वास कमी येतो. मळमळीवरची डॉक्सिलामिन आणि बी६ जीवनसत्त्वाची गोळी गरोदरपणात चालते, पण डॉक्टरांनी दिली तरच घ्या. फॉलिक ॲसिड मनाने बंद करू नका, वेळ बदलून चालेल का ते विचारा. आणि उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी बी१ जीवनसत्त्व (थायमिन) द्यायचं का, हे आवर्जून विचाराच. फोडणी काही दिवस दुसऱ्या कोणीतरी द्यावी हे घरात स्पष्ट सांगा, त्यात लाजायचं काय.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार. लगेच फोन केला तर कळलं सकाळपासून एकदाच लघवीला गेलीये आणि तीही गडद. लिंबूपाणीपण टिकलं नाही. जावईबापूंना सांगितलं, ते तिला आत्ताच घेऊन निघालेत, मीही पोचते. बी१ चं लिहून घेतलंय. तिथे लघवीत कीटोन (पोटात अन्न नसलं की शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासायला आपण सांगायचं की ते आपणहून करतात?