शब्दचर्चा : 'वाचनवेग' की 'ओघ'? निपुणच्या कागदांतले तीन शब्द

वर्णवेल, नागपूर
आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाटायच्या दोन पानी टिपणासाठी तीन शब्द पक्के करायचे आहेत. निपुण, म्हणजे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान; त्याच्या इंग्रजी कागदांत डीकोडिंग, फ्लुएन्सी आणि एव्हिडन्स-बेस्ड असे येतात. मराठीत पहिल्याला कुठे 'अक्षरओळख', कुठे 'विसंकेतन'. दुसऱ्याला 'वाचनवेग', 'अस्खलित वाचन', 'ओघवते वाचन'. तिसऱ्याला 'शास्त्रशुद्ध', 'पुराव्याधारित', 'संशोधनाधिष्ठित'. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकाला वाचताक्षणी काय करायचं ते कळेल, असे शब्द सुचवा.

ओळंबा
'वाचनवेग' आधी काढा जी. या एका शब्दानं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू झालं. त्याचं लक्ष्य आहे दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६०. पण त्याच ओळीत 'अर्थासह' हा शब्द आहे. मथळ्यात 'वेग' आला की 'अर्थासह' गळून पडतो आणि वर्गात घड्याळ लावून धावपळ सुरू होते. मुलं विरामचिन्हं गिळतात, ओळीच्या शेवटी न थांबता पुढं पळतात, प्रत्यय अर्धे खातात. 'शाळेतून' ऐवजी 'शाळेत' वाचलं तरी ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मोजायचंच तर असं मोजा. उतारा पाठ्यपुस्तकाबाहेरचा घ्या, नाहीतर पाठांतर मोजलं जातं. मुलाच्या हातात एक प्रत, आपल्या हातात एक. एक मिनिट. चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ. मूल तीन सेकंद अडलं तर 'पुढचा वाच' म्हणायचं आणि तो शब्द चुकीत धरायचा. स्वतःहून सुधारलं तर बरोबर. मिनिट संपलं तिथं खूण. ६८ व्या शब्दापर्यंत पोचलं आणि ७ चुकले, तर आकडा ६१. मग उताऱ्यावर पाच प्रश्न. पाचांपैकी एकाचंच उत्तर आलं, तर ६१ असूनही ते मूल लक्ष्याला पोचलेलं नाही.

हे सगळं 'वेग'मध्ये मावत नाही. 'ओघ'मध्ये अचूकता, गती आणि कुठं थांबायचं याची समज तिन्ही येतात. माझं मत 'ओघवते वाचन'.

धंतोलीकर
'अस्खलित'ही नको. स्खलन म्हणजे घसरणं, चुकणं. मूल 'पाऊस'ऐवजी 'पाऊल' वाचतं, थांबतं, मागं येऊन 'पाऊस' करतं. ही चांगली खूण आहे, कारण ते अर्थाकडे लक्ष ठेवून वाचतंय. 'अस्खलित' म्हटलं की शिक्षक नेमकं हेच चुकीत धरतो.

ओळंबा
एक राहिलं. ६० हा आकडा दुसऱ्या भाषेशी ताडून पाहू नका. हिंदीत 'पेड़ के नीचे' तीन शब्द, मराठीत 'झाडाखाली' एक. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहिते, म्हणून आपला शब्द लांब. नागपुरात एकाच आवारात मराठी आणि हिंदी माध्यमाचे वर्ग असतात, तिथं दोघांचे आकडे शेजारी मांडून 'मराठीवाले मागे' म्हणणं अन्याय आहे.

उकार
डीकोडिंगबद्दल. 'अक्षरओळख' म्हणजे 'म' दाखवला की 'म' म्हणणं. ही पहिली पायरी झाली. फळ्यावरची सगळी मुळाक्षरं ओळखणारं मूल 'कमाल' वाचू शकत नाही, असं सर्रास दिसतं. त्यानं चिन्हाचा ध्वनी ओळखला, पण ध्वनी जोडून शब्द केला नाही. डीकोडिंग म्हणजे या दोन्ही गोष्टी मिळून. 'विसंकेतन' कोशात राहील, वर्गात कुणी म्हणणार नाही. मी 'शब्द उलगडणे' म्हणेन आणि पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत खुलासा देईन: 'चिन्हांवरून ध्वनी काढून, ते जोडून अनोळखी शब्द वाचणे'.

यातला 'अनोळखी' फार महत्त्वाचा. चित्र पाहून 'विहीर'ला 'पाणी' म्हणणं हा अंदाज. पान पाठ असल्यानं धडाधड म्हणणं हे पाठांतर. बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच, यावरून ते लगेच ओळखू येतं. या दोन्हींत उलगडा नाही. तपासायचा सोपा उपाय म्हणजे अर्थ नसलेले शब्द: 'मोपी', 'लुगेट', 'चारूम'. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शाळेच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलांची जी ध्वनिवाचन चाचणी होते, तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० असेच बनवलेले.

क्रमाचंही लिहा टिपणात. अ ते ज्ञ ओळीनं शिकवायला घेतलं तर शब्द व्हायला महिने जातात. म, क, र, ल आणि काना एवढ्यावर काम, मका, माल, लाल, मार, कमाल होतात, म्हणजे पहिल्या आठवड्यातच मूल खरं वाचतं. चौदाखडी सोडायची नाही, पण सुरात म्हणून घेणं म्हणजे ती आली असं नाही. 'कु' मधूनच विचारला तर मूल 'क, का, कि, की' म्हणत तिथपर्यंत येतं; त्याला चिन्ह आलेलं नाही, रांग आलेली आहे.

वर्णवेल
उकार सर, अडतं कुठं हेही द्याल का? खुलाशाला उदाहरणं हवीत.

उकार
दोन ठिकाणी जास्त.

ऱ्हस्व वेलांटी. 'कि' मध्ये डोळ्याला चिन्ह आधी दिसतं, ध्वनी मात्र नंतरचा. नवशिकं मूल 'इक' म्हणतं किंवा वेलांटी मागच्या अक्षराला लावतं. अक्षरावर बोट ठेवून आधी 'क्', मग चिन्ह, असं बरेच दिवस करून घ्यावं लागतं.

दुसरं, रफार. 'पर्वत'चं 'पवर्त' होतं, कारण रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा. फळ्यावर पाय मोडून 'पर् + वत', 'सूर् + य' लिहा, वाचून घ्या, मग शेजारी 'पर्वत', 'सूर्य' लिहा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य त्याच तासाला काढू नका. दोन्ही एकत्र आले की दोन्ही बिघडतात.

बोलीभान
ध्वनिजागृतीचा शब्द यादीत नाही, पण टिपणात येईलच, तेव्हा एक सावधगिरी. ध्वनिजागृती म्हणजे बोललेल्या शब्दातले ध्वनी वेगळे ऐकू येणं; ती कानाची असते. त्या वेळी फळा, पाटी काही नको. 'कमळ' म्हणत टाळ्या वाजवायला सांगितलं की मूल दोनच वाजवतं: क-मळ. ते बरोबर आहे, बोलताना शेवटच्या 'ळ'मधला अ जातो. लिहिताना मात्र अक्षरं तीन. शिक्षकानं लिखाण डोक्यात ठेवून 'तीन वाजव' म्हटलं, तर मुलाच्या कानावरचा विश्वासच जातो. आधी कानानं दोन, मग लिपीशी ओळख झाल्यावर अक्षरं तीन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धंतोलीकर
आता 'पुराव्याधारित'. 'पुरावा' कोर्टातला वाटतो अशी तक्रार असते, तरी मला तोच बरा वाटतो. 'प्रमाणाधारित' म्हटलं की प्रमाणभाषा आठवते, भलताच अर्थ होतो. 'शास्त्रशुद्ध' तर कुठल्याही तक्त्यावर, कुठल्याही संचावर छापलेलं असतं. त्यातून काहीच ठरत नाही. 'पुराव्याधारित' ऐकलं की समोरचा विचारतो, 'कुठला पुरावा?' तेच हवं आहे.

आणि पुरावा कशाचा, तेही लिहा. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन समितीनं त्याआधीचे अभ्यास तपासून पाच अंगं पुढं आणली: ध्वनिजागृती, ध्वनी-चिन्ह संबंध, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. तिथल्या राज्यांनी पुढं यावर कायदे केले. मिसिसिपीनं २०१३ मध्ये केला. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत ते राज्य २०१३ ला ४९ व्या क्रमांकावर होतं, २०१९ ला २९ व्या. इकडे त्यातली एकच गोष्ट सांगितली जाते, की तिसरीत वाचता आलं नाही तर मुलाला पुढं ढकलत नाहीत. त्याच कायद्याखाली शिक्षकांचं प्रशिक्षण, कमकुवत शाळांत वर्गात बसून मदत करणारे साक्षरता मार्गदर्शक आणि लहान इयत्तांपासून वर्षातून अनेकदा मागे पडणारी मुलं ओळखायची चाळणी, हे सगळं होतं. एवढं गाळून फक्त नापास करणं उचललं, तर ते 'पुराव्याधारित' नाही.

बोलीभान
धंतोलीकर भाऊंना जोडून. तो पुरावा बराचसा इंग्रजीवरचा आहे. पाच अंगं आपल्यालाही लागतात, पण इंग्रजीतला एका चिन्हाचे अनेक उच्चार हा त्रास आपल्याकडे फार थोडा: च, ज, झ यांचे दोन उच्चार, अनुस्वाराचा बदलता उच्चार, शब्दान्तीचा अ. आपला त्रास चिन्हांच्या संख्येत आणि जोडाक्षरांत आहे. म्हणून वेळेची वाटणी इंग्रजी कार्यक्रमावरून उतरवू नये.

आणि ओळंबा ताई, तुमच्या मोजणीत एक भर घालाल का? आपल्याकडे वऱ्हाडी घरचं मूल 'डोळा'ला 'डोया', 'काळा'ला 'काया' म्हणतं. 'पाणी'चं 'पानी' तर सगळीकडे. रामटेक-पारशिवनीकडे गोंडी घरची मुलं आहेत, शहरात हिंदी घरची. मुलानं 'ळ' ओळखला, अर्थ बरोबर सांगितला आणि उच्चार घरचा केला, तर ती वाचनाची चूक नाही.

ओळंबा
घालते. त्यासाठी तिरकी रेघ नको, शब्दाखाली टिंब द्यायचं. मोजताना टिंबाचे शब्द बरोबर धरायचे. शंका आली तर 'काळा' आणि 'काया' दोन चिठ्ठ्यांवर लिहून समोर ठेवा आणि 'रंगाचा शब्द कुठला?' विचारा. बरोबर चिठ्ठी उचलली, तर चिन्ह आलेलं आहे.

वर्णवेल
टिपणात मग असं जातंय: 'शब्द उलगडणे', 'ओघवते वाचन', 'पुराव्याधारित'. नोंदतक्त्यात 'वेग' हा रकाना काढून तीन केले आहेत: मिनिटाला बरोबर शब्द, पाचांपैकी उत्तरं, आणि कुठं अडलं. तिसऱ्यात नुसतं 'कच्चा' लिहायचं नाही; वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षर की शब्दार्थ, यांतलं एक लिहायचं.