नव्या देशातले पहिले काही महिने : काय फजिती झाली, काय गवसलं?

रेवडी
परवा रविवारी सकाळी साडेसातला भाचीचा फोन. मास्टर्सला आलीय, जर्मनीत, ड्रेस्डेनला. जेमतेम नऊ दिवस झालेत. रडवेला आवाज, "मावशी, खिडकी निखळली गं. एका हाताने धरून उभी आहे, सोडली तर पडेल."

मला कळेना हसू की ओरडू. इथल्या खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते आणि सरळ वर केली की वरची कड सुटून आख्खी खिडकी अंगावर कलते. चार बोटं कलून थांबते, पण हे आपल्याला कुठे माहीत! "सोड हात," म्हटलं. सोडेना. "तुझ्या बॅगेची शपथ, सोड." तेव्हा कुठे सोडली.

आणि मला माझा २००८ चा नोव्हेंबर आठवला. स्टुटगार्ट, नवरा ऑफिसात, मी अशीच खिडकी कवटाळून वीस मिनिटं उभी. जर्मन शून्य. शेवटी समोरच्या आजींना हाका मारल्या, त्या गाऊनवरच जिना चढून आल्या, एका बोटाने मूठ खाली केली, परत वर केली, परत खाली केली, आणि म्हणाल्या, "ल्युफ्टन! ल्युफ्टन!" म्हणजे हवा खेळू द्या. माझा पहिला जर्मन शब्द. आता बाहेर उणे पाच असलं तरी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या सताड उघडते आणि नवरा स्वेटर चढवून म्हणतो, "आल्या आजी."

तर येऊ द्या तुमचंही. मोठमोठे कल्चर शॉक नकोत, बारीकसारीक सांगा.

खारी_बटर
जिरं.
पाकिटावर 'क्युमेल' लिहिलेलं, मी म्हटलं क्युमिनच असणार, यांचं स्पेलिंग वेगळं. आमटीला चरचरीत फोडणी दिली. जो काही वास सुटला! ओवा आणि बडीशेप यांचं भांडण लागल्यासारखा. रूममेट नागपूरचा, काही न बोलता दोन वाट्या भात संपवला आणि म्हणाला, "भाऊ, उद्यापासून मी करत जाईन." जिऱ्याला 'क्रॉइत्सक्युमेल' म्हणतात हे दोन महिन्यांनी कळलं. तोवर ते आख्खं पाकीट संपवलं होतं, पैसे दिले होते ना.

माहेरची_माया
@खारी बटर, अहो ते शहाजिरं! मसालेभातात घातलं असतंत तर रूममेटने पाय धरले असते.

खारी_बटर
हे १४ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंत ताई 😭

अर्धा_कप
मस्त धागा. मला डॉक्टरची वेळ मिळाली 'हाल्ब ड्राय'. हाल्ब म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. साडेतीनला ऐटीत पोचलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घड्याळाकडे. वेळ अडीचची होती. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. तोवर खोकला आपला आपण बरा झाला.

जुनी_वही
गंमत म्हणजे आपणही तेच म्हणतो, फक्त विसरलोय. अडीच आलंय संस्कृत 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. हाल्ब ड्राय हुबेहूब तेच! साडेतीनमधला 'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. म्हणून आपली गल्लत होते.
आणि रेवडीताई, भाची ड्रेस्डेनला आहे ना, तिकडे पावणेतीनला 'ड्रायफिअर्टल ड्राय' म्हणतात, पाऊण तीन. तिला आधीच सांगून ठेवा. इथले जर्मनच उत्तरेकडून आले की गोंधळतात.

मुक्काम_पोस्ट
आकड्यांवरून. आमच्या क्लासमध्ये स्पॅनिश, ब्राझिलियन सगळे 'फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश'ला रडायचे. पाच आणि वीस, आधी एकक मग दशक. मी मनात पंचवीस म्हणायचे आणि पुढे. सत्तेचाळीस, त्रेपन्न, सगळं आपल्याच चालीवर. बाईंना वाटलं मी फार हुशार आहे. व्याकरण सुरू झाल्यावर गैरसमज दूर झाला.

तात्यांचा_धाकटा
थोडं लांबेल, माफी.

सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. सातारा एसटी डेपोतून रिटायर. बाटली परत केली की पैसे मिळतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. पातळ प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. सुपरमार्केटातल्या भोकात बाटली घातली की मशीन ती गरगर फिरवून बघतं आणि पावती देतं. त्यांनी पहिल्या दिवशी घरातल्या सहा बाटल्या एकेक करून घातल्या, मागे रांग लागली तरी हलेनात.

मग सकाळचं फिरणं सुरू झालं. कापडी पिशवी घेऊन. इथे लोक बागेत रिकाम्या बाटल्या मुद्दाम कचरापेटीच्या बाजूला उभ्या ठेवतात, ज्याला लागतील त्याने न्याव्यात म्हणून. बायकोला कळल्यावर घरात रणकंदन. "बाबा, लोक काय म्हणतील!" सासरे शांत. "इथले लोक मला ओळखत नाहीत, तिथले बघत नाहीत."

तिथे एक म्हातारा जर्मन माणूसही बाटल्या गोळा करायचा. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी वाटणी करून घेतली. तळ्याकडची बाजू त्याची, क्रीडांगणाकडची यांची. भाषा कुठली वापरली देव जाणे. मी एकदा लांबून बघितलं, दोघं बाकावर बसून शेंगदाण्याची चिक्की खात होते. त्याच्यासाठी रोज बायकोने आणलेल्या डब्यातून एक वडी जायची, चिक्की इतकी लवकर का संपते हे आम्हाला तेव्हा कळलं.

जायच्या आदल्या दिवशी कॉफीचा डबा टेबलावर पालथा केला. ६३ युरो ४२ सेंट. नातवाला लाकडी आगगाडी. उरलेल्या पैशांची दोन चॉकलेटं घेतली, एक त्या म्हाताऱ्याला नेऊन दिलं. नंतरच्या वर्षी यायचं ठरलं होतं, ते राहिलं. आगगाडीचा एक डबा हरवलाय, बाकी आहे.

माहेरची_माया
😔🙏 चिक्कीवर थांबले जरा.

खारी_बटर
सासरे आवडले राव.

दक्षिणायन
आम्ही सिडनीला. पूर्वेचं घर बघून घेतलं, दक्षिणेला मोठी खिडकी, म्हटलं हिवाळ्यात ऊन येईल. हिवाळाभर उजेडाचा एक कवडसा नाही! इथे सूर्य उत्तरेकडून जातो. शाळेत भूगोलाला चांगले मार्क होते हो मला. पण तुळस मेल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.
चंद्रकोरही उलटी दिसते. संक्रांतीला घामाच्या धारा, पाडव्याला पानगळ. सासूबाई फोनवर दरवर्षी विचारतात, "थंडी पडली का?", मी दरवर्षी जुलैत हो म्हणते.

टपरीवाला
अमेरिका. दिव्याचं बटण वर केलं की चालू, खाली केलं की बंद. आपल्या उलटं. सतरा वर्षं झाली, भारतात गेलो की पहिले दोन दिवस सगळ्या खोल्यांत चाचपडतो. बस, एवढंच. मीटिंग आहे.

रेवडी
@दक्षिणायन, तुळशीचं वाईट वाटलं 😄
@जुनी वही, भाचीला पाठवलं. तिचं उत्तर, "मावशी मी फोनवरचं घड्याळ दाखवते सगळ्यांना." संपला विषय.

निळी_बाटली
मी रविवारी दुपारी काचेच्या बाटल्या टाकायला गेले. पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगवेगळी पिंपं. पहिली बाटली खळ्ळकन पडली आणि तिसऱ्या मजल्यावरून एक काका ओरडले. रविवारी आवाज करायचा नसतो. उरलेल्या अकरा बाटल्या घेऊन, एकही वाजू न देता, घरी परत. चोरासारखी.

अर्धा_कप
नावावरून प्रश्न. निळी बाटली कुठल्या पिंपात?

निळी_बाटली
हिरव्या. नाव तिथूनच घेतलंय 😂

पिवळा_शर्ट
१९९८, न्यू जर्सी. कॉलिंग कार्डावरचा नंबर नाण्याने खरवडायचा, मग ते वीसेक आकडे दाबायचे, एक चुकला की पहिल्यापासून. आई पहिली तीन मिनिटं 'जेवलास का, काय जेवलास, कोणी केलं' यात घालवायची. मग मुद्द्याचं काही निघालं की कार्डातली बाई सांगायची, एक मिनिट उरलं. वडील मागून, "ठेव ठेव, पैसे जातायत त्याचे."
आता व्हिडिओ कॉल फुकट आहे. वडील अजूनही चौथ्या मिनिटाला 'ठेवतो' म्हणतात.

मुक्काम_पोस्ट
@पिवळा शर्ट, आमचे तर दुसऱ्याच.

सुगरण_नाही
कोणी क्वार्कबद्दल कसं लिहिलं नाही??? चक्का आयता मिळतो की इथे! साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड. मला हे कळलं त्या दिवशी मी दुकानातून नवऱ्याला फोन करून ओरडले होते.

माहेरची_माया
मागरक्वार्क घेऊ नका मात्र, त्यात स्निग्धांश नसतो, पीठूळ लागतं. ४० टक्केवालं घ्या. आणि तरीही रात्रभर फडक्यात टांगा, पाणी सुटतंच.

सुगरण_नाही
टांगायचं असेल तर मग आयतं कसलं. मी नाही टांगत.

माहेरची_माया
तुझं नाव सार्थ आहे 😄 (कुकर झाला, येते.)

व्हिसाच्या_रांगेत
वाचतोय सगळं. मी अजून गेलोच नाही, पुढच्या महिन्यात जर्मनीत आखनला निघतोय. विषय सोडून विचारतो, कुकर न्यावा का? आई म्हणते ने, बाबा म्हणतात वजन.

तात्यांचा_धाकटा
ने. तीन लिटरचा. चेक-इनच्या बॅगेत, आत डाळ-तांदूळ भरून, म्हणजे जागा फुकट जात नाही. रबरी रिंगा दोन जास्त.

निळी_बाटली
तळाला लोहचुंबक चिकटतं का ते बघ आधी. खोलीत इंडक्शन निघालं तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, कपाटावर शोभेला राहील. आमचा आहे. त्यात कांदे ठेवतो.

खारी_बटर
आणि जिरं घेऊन जा भावा. अर्धा किलो.

व्हिसाच्या_रांगेत
हो 😄 पण शिट्टी चालते का तिथे? शेजारी काही बोलत नाहीत?

निळी_बाटली
इतर दिवशी चालते. रविवारी दुपारी एकच काढ आणि वरण झाकून ठेव.