मियाटा ट्रॅकवर तापते : आधी डक्ट आणि रेडिएटर, की थेट रीरूट?

डक्टवाला (धागाकर्ता)

ऑगस्टात बटनविलो किंवा थंडरहिल या कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवर पारा ४० अंशांवर जातो. २० मिनिटांच्या सेशनमध्ये एनए म्हणजे पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाचा (१९९० ते ९७) तापमानाचा काटा हलला रे हलला की सल्ला ठरलेला : 'रीरूट करून टाका.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या इंजिनाचं घराणं माझदा ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं. तिथे पाणी पंपाच्या टोकाने ब्लॉकमध्ये शिरायचं आणि हेडच्या (ब्लॉकवर बसणारा भाग) दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात इंजिन लांबीत बसवलं आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) पुढे आणला. आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट एकाच टोकाला आली, चौथा सिलिंडर मागे वळचणीला पडला. थर्मोस्टॅट परत हेडच्या मागे नेणं म्हणजे रीरूट.

माझं मत : टर्बो नसलेल्या गाडीत हे पहिलं काम नव्हेच. आधी ही तीन कामं करा.

मूळ रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा. काळ्याची हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती चिरणार हे नक्की, फक्त दिवस सांगता येत नाही. साधारण ३७ मिमी जाडीचा अॅल्युमिनियम रेडिएटर बसवा. त्याहून जाड घेण्याचा मोह टाळा. जाड गाभ्यातून हवा ढकलायला जास्त दाब लागतो, आणि डक्ट (हवा थेट रेडिएटरवर नेणारी बंद वाट) नसेल तर तो दाब येणार कुठून?

मग गाडीखाली वाकून अंडरट्रे (इंजिनाखालचं झाकण) आहे का ते बघा. ऑइल बदलताना काढलेला हा ट्रे पुष्कळ गाड्यांत परत लागतच नाही. तो नसला की बंपरच्या तोंडातून आलेली हवा रेडिएटरला न भेटता खाली निसटते, आणि रेडिएटरमागे जो कमी दाब हवा तोही राहत नाही.

शेवटी फटी बुजवा. जिथे बोट जातं तिथून हवा जाते. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत १ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा दोन्ही बाजूंना आणि वर, कडांना बंद पेशींचा फोम. पत्रा रेडिएटरच्या पंखांना टेकवू नका, थरथरून भोक पडतं. एसी लागत नसेल तर कंडेन्सरही काढा, तेवढाच एक अडथळा कमी. एक शनिवार पुरतो.

चौथा_सिलिंडर

असहमत. आणि माझ्या नावावरून कळेलच की मी कोणाच्या बाजूने बोलतोय.

रेडिएटर मोठा केला की इंजिनात शिरणारं पाणी गार होतं. ते चारही सिलिंडरना सारखं वाटलं जातं का, हा वेगळा प्रश्न, आणि डक्टने तो सुटत नाही. एनएच्या इसीयूला (इंजिनाचा संगणक) नॉक सेन्सर नाही. चौथ्यात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू झालं तरी इग्निशन मागे घ्यायला कोणी नाही. पिस्टनच्या रिंगांमधली कडा तुटते किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जाते, तेव्हा समजतं.

डॅशवरच्या काट्यावर तर मुळीच विसंबू नका. तो मुद्दाम मंद केलेला आहे : तापमान बरंच वरखाली झालं तरी मधोमध बसून राहतो. हलला म्हणजे उशीर झाला.

आणि माझदाने २००१ पासूनच्या इंजिनांत गॅस्केटमधली पाण्याची भोकं बदलली ती हौस म्हणून नाही. पाण्याची वाटणी नीट नाही, ही त्यांचीच कबुली.

काम अवघड नाही, जागा अवघड आहे. हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) यांच्यात हात जेमतेम शिरतो. मागचं झाकण काढून तिथे स्पेसर, त्यावर थर्मोस्टॅट आणि किआ स्पोर्टेजचा (१९९५ ते २००२) वॉटर नेक, म्हणजे होज जोडायचं तोंड. पुढचं तोंड ब्लँक करायचं. मागून रेडिएटरपर्यंत सव्वा इंची होज, एक्झॉस्टपासून लांब आणि दोन ठिकाणी क्लिपने बांधलेला. लोंबता ठेवलात तर घासून फाटेल.

हमखास होणारी चूक : वजन कमी करायचं म्हणून हीटर काढून दोन्ही पाइप बंद करणं. थर्मोस्टॅट मिटलेला असताना हीटरचा फेरा हीच मागच्या पाण्याची परतीची वाट असते. ती बंद केली की गरम पाणी थर्मोस्टॅटपाशी वेळेत पोचत नाही. तो उशिरा आणि एकदम उघडतो, आणि तापलेल्या हेडला गार पाण्याचा फटका बसतो. हीटर काढलात तरी दोन पाइप एका होजने जोडून फेरा चालू ठेवा.

दहा_नंबरचा_पाना

दोघेही पाण्याच्या वाटेवर भांडताय, पाण्यावर कोणीच बोलत नाही. तिथल्या बऱ्याच रेसिंग संस्थांत ग्लायकॉल (कूलंटमधलं अँटीफ्रीझ) चालत नाही. ट्रॅकवर सांडलं तर ते साध्या पाण्यासारखं सुकत नाही, निसरडं राहतं. तसंही उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी सरस : विशिष्ट उष्णता ४.२ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश, तर पाणी-ग्लायकॉलच्या अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची साधारण ३.५. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज रोखणारं अॅडिटिव्ह, बस्स.

उकळण्याची भीती असेल तर रेडिएटरची कॅप बदला. १.१ बारची धड कॅप असेल तर साधं पाणी १२० अंशांच्या थोडं वर उकळतं. सील कडक झालेली जुनी कॅप तेवढा दाब धरत नाही, आणि मग लोक रेडिएटरला दोष देतात.

अवांतर : हीच गाडी हिवाळ्यात टाहोच्या बर्फाळ डोंगरात नेणार असाल तर आधी ग्लायकॉल परत भरा. गोठलेलं पाणी ब्लॉक चिरतं.

नवा_गडी

थर्मोस्टॅटच काढून टाकला तर? दोन्ही वाद मिटतील.

चौथा_सिलिंडर

वाद मिटतील आणि इंजिनही. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये पंपाचा दाब टिकतो. एक्झॉस्ट पोर्टभोवती पाण्याचे बुडबुडे व्हायला लागतात ते ७,००० आरपीएमला तो दाब दाबून ठेवतो. काढलात की तिथेच वाफ धरते. शिवाय सकाळच्या पहिल्या सेशनला तेल गार राहतं.

डक्टवाला

इथे आमचं दोघांचं एकमत. फक्त 'पाणी जोरात गेलं तर त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही' हे कारण कोणी देऊ नका, ते चूक आहे. बंद फेऱ्यात पाणी जेवढं लवकर जातं तेवढंच लवकर परत येतं. कारण दाबाचंच.

आता रीरूटबद्दल. टर्बो लावलात तर आधी रीरूट, मान्य. पण नॅचरली अॅस्पिरेटेड गाडीत अंदाजाने कशाला? मोजा. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) दोन : एक पुढच्या आउटलेटवर, एक हेडच्या मागे हीटरचा पाइप निघतो तिथे. वर फोम गुंडाळा, नाहीतर बॉनेटखालची हवाच मोजली जाईल. दोन्ही आकडे एकत्र चढत गेले तर हवा कमी पडतेय, माझी यादी घ्या. पुढचा स्थिर आणि मागचा एकटाच पळतोय, तर वाटणी बिघडलीय, तुमचं काम करा.

चौथा_सिलिंडर

चाचणी चांगली. पण ती पाणी मोजते, धातू नाही. मागे पाणी जवळजवळ थांबलेलं असेल तर पाइपवरचा आकडा हेडच्या खऱ्या तापमानापेक्षा कमी दिसेल. म्हणजे मागचा आकडा वाईट आला तर खात्रीने वाईट; चांगला आला तर खात्री नाही. म्हणून मी पाच अंशांचा फरकही गंभीर मानतो, तुम्ही कदाचित मानणार नाही.

डक्टवाला

पाच अंशांना नाही मानणार. दहाला मानेन.

दहा_नंबरचा_पाना

तेल विसरलात. सलग लॅप मारताना पाणी ठीक आणि तेल १३० च्या वर, असंही होतं. ऑइल कूलर लावलात तर ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट (ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यात बसणारी) घ्या. आणि कूलर रेडिएटरच्या पुढ्यात टांगू नका, तुमच्याच डक्टमध्ये गरम हवा सोडाल. बंपरच्या कोपऱ्यात, वेगळा डक्ट देऊन, मागे हवेला निघायला वाट ठेवून.

बॉनेटची मागची बाजू वॉशर घालून उचलणाऱ्यांनाही एक सांगणं : काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, हवा तिथून बाहेर येत नाही, आत जाते. भोकं पाडायचीच तर रेडिएटरच्या थोडं मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात.

नवा_गडी

रीरूट केल्यावर हवा कशी काढायची? मागचा भाग वर येतो ना?

चौथा_सिलिंडर

गाडीचं नाक रॅम्पवर चढवा, रेडिएटरची कॅप सगळ्यांत उंच यायला हवी. थर्मोस्टॅटच्या चकतीत ३ मिमीचं भोक पाडून ते वरच्या बाजूला येईल असं बसवा, अडकलेली हवा तिथून सुटते. हीटर पूर्ण गरमवर. नरसाळं लावून इंजिन चालू ठेवा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे बघा. थांबतच नसतील तर पंपाला किंवा कॅपला शिव्या देऊ नका. ब्लॉक टेस्टरचं (पाण्यात ज्वलनाचा वायू येतोय का ते दाखवणारं साधन) निळं द्रव पिवळं पडतंय का बघा. पडलं तर गॅस्केट आधीच गेलंय, आणि मग डक्ट की रीरूट हा प्रश्नच उरत नाही.