मदत हवी आहे: चिनी चार स्तंभांच्या पत्रिकेत वेळ कोणती धरावी?

नमस्कार. चिनी ज्योतिषातील या पत्रिकेत जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार स्तंभ असतात. अभ्यासासाठी मी जुलै १९८८ मध्ये दुपारी १:२० वाजता उरुम्चीत (पश्चिम चीनच्या सिंज्यांग प्रांतातील शहर) जन्मलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेतले आहे. घड्याळाप्रमाणे तो मेंढीचा प्रहर ठरतो (या पद्धतीत दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा प्रहर असून प्रत्येकाला एका प्राण्याचे नाव असते). मात्र १९८६ ते १९९१ या काळात चीनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जात, त्यामुळे तो तास वजा केल्यास १२:२०, म्हणजे घोड्याचा प्रहर येतो. शिवाय बीजिंगची प्रमाणवेळ १२० अंश पूर्व रेखांशाची असून उरुम्ची सुमारे ८७.६ अंशांवर असल्याने आणखी जवळपास १३० मिनिटे कमी होतात आणि १०:१० वाजता सापाचा प्रहर निघतो. एकाच जन्माला तीन प्राणी! त्यातही सिंज्यांगमध्ये बीजिंगच्या दोन तास मागची स्थानिक वेळ वापरली जात असल्याने नोंदीतील वेळ कोणती, हे आधी कसे तपासावे?

दुसरी शंका वार्षिक भाकितांची. लीचुन (चिनी पंचांगातील वसंतारंभ, जिथून वर्षस्तंभ बदलतो) हा सूर्य क्रांतिवृत्तावर ३१५ अंशांवर येण्याचा क्षण असल्याने २०२५ मध्ये तो बीजिंगला ३ फेब्रुवारीच्या रात्री सुमारे १०:१० वाजता, म्हणजे भारतात ७:४० वाजता आला. मग पुण्यातील जन्मासाठी वर्षस्तंभ या क्षणावरून आणि तासस्तंभ स्थानिक सूर्यवेळेवरून, अशी दुहेरी पद्धत आपण वापरता का?